परड्यातली फियाट

"समू, हे तुझ्या बाच्या दुकानातलं काय हाय का बघ," यल्लाप्पाकाका खड्ड्यातून ओरडले आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं त्यांनी वर भिरकावलं.

गोणपाट इतकं कुजलं होतं की हातात घेताच त्याचा भुगा झाला. आत काळ्या ग्रीसचा जाड लेप. मी चिंधीनं एक बोटभर जागा पुसली आणि खालून एकदम ऊन चमकलं. गंज नाही, डाग नाही. त्या चकाकीत माझा एक डोळा मला दिसला, लांबट, माशासारखा.

"बीडिंग!" मी किंचाळलेच. "काका, ही गाडीची बीडिंग आहे! दाराखालून जाते ती पट्टी!"

"एवढंच ना? मला वाटलं हंडा लागला," काका म्हणाले आणि पुन्हा कुदळ उचलली.

मी तेव्हा नववीत होते. त्याच आठवड्यात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला ढाल मिळाली होती आणि तेव्हापासून माझं तोंड काही मिटत नव्हतं. सातवीपर्यंत वर्गात हजेरी द्यायलाही मी लाजायचे, त्यामुळे साठलेलं सगळं आता बाहेर पडत होतं. त्यात विषय गाडीचा. बाबांचं हायवेला गाड्यांच्या सामानाचं दुकान, आणि त्याआधी आप्पांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, ह्याच परड्यात पत्रेकामाचं गॅरेज होतं. मी चालायला शिकले ती आप्पांच्या बोटाला धरून, आणि ओळखायला शिकले तीही त्यांच्याकडूनच. मांडीवर बसवून ते हातात एखादा तुकडा द्यायचे. "सांग, कुठल्या गाडीचा? कुठं बसतो?" चुकलं की डोक्यात टपली. बरोबर आलं की लिमलेटची गोळी. माझे निम्मे दात त्या गोळ्यांनी किडले.

आमचं गाव आंबा घाटाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. त्या दिवशी नव्या बाथरूमसाठी परड्यात शोषखड्डा चालला होता. ठरल्या जागी दोन फुटांवर खडक लागला. यल्लाप्पाकाकांनी बाबांना दुकानात फोन केला, आणि बाबा म्हणाले, जुन्या शेडमागं घ्या. तिथं कुदळ लावायची नाही, असं आप्पा माझ्या आठवणीत सतत सांगत आलेले. नागोबाचं ठिकाण म्हणून. पण आप्पा जेवून सोप्यावर झोपले होते, आणि बाबांना संध्याकाळपर्यंत खड्डा हवा होता.

म्हणजे नागोबाच्या जागी बीडिंग निघाली. मग आणखी एक. मग हेडलाइटची रिंग. मग व्हील कॅप, बशीएवढी, फुगीर. ती पुसली तर तिच्यात अख्खं परडं मावलं, आभाळासकट, आणि मधोमध मी. मी मागं वळून पाहिलं, कारण त्या आरशात माझ्या मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. शेडची उघडी फळी होती.

"अजून किती हाय गं हे?" काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता. "टाकलेलं न्हाई वाटत. निजवल्यावानी ठेवलंय. एकेक गुंडाळून."

आप्पांची शिकवण अशी की तुकडा हातात धरून ओळखू नये, जागेवर ठेवून ओळखावा. म्हणून मी परड्यात सपाट जागा झाडली आणि गाडी मांडायला घेतली. पुढं जाळी. तिच्या दोन्ही अंगाला रिंगा. मधून बॉनेटची पट्टी. बाजूंना बीडिंगा आणि दारांची हँडलं, चार कोपऱ्यांना व्हील कॅपा, मागं डिकीचं हँडल आणि दिव्यांच्या कडा. जाळी जागेवर ठेवल्याबरोबर मला कळलं. ओठ मिटून हसणारं ते तोंड दुसऱ्या कुठल्या गाडीचं असूच शकत नाही.

"फियाट!" मी टाळ्या वाजवल्या. "जुनी फियाट! काका, वर या, बघा तरी!"

काका वर आले. बघितलं. आणि चार पावलं मागं सरले.

पत्रा नव्हता, काचा नव्हत्या, सीट नव्हती. नुसत्या कडा. जमिनीवर अर्धवट पुसलेली, मधेमधे चकाकणारी एक रेघ, आणि त्या रेघेच्या आत गाडीएवढी मोकळी जागा. आम्ही दोघंही त्या जागेत पाय ठेवत नव्हतो. कुणी सांगितलं नव्हतं, तरीही.

"माझं आजचं काम झालं," काका म्हणाले.

"अहो, खड्डा अर्धा आहे!"

"अर्धाच ऱ्हाऊ दे. तुझ्या बाला सांग, यल्लाप्पाच्या पाठीत उसण भरली." कुदळ तिथंच टाकून ते निघून गेले.

मी मात्र खाली बसून क्लिपा बघत होते. बीडिंग दाराला ज्या क्लिपांनी बसते त्या अपघातात तुटतात, चोरानं ओढल्या तर वाकतात. ह्या सगळ्या सरळ होत्या. आणि प्रत्येक स्क्रूवर त्याचाच नट परत फिरवून ठेवलेला. "काढलेला नट त्याच्याच स्क्रूवर बसवायचा, म्हंजे तो हरवत न्हाई," हे मला लहानपणापासून कोण सांगत आलं होतं?

"आली व्हय?"

मागं आत्या उभी होती.

छबूआत्या ही बाबांची सगळ्यात थोरली बहीण, साठी ओलांडलेली. बाबा लहान असताना तिचे यजमान, हिंदुरावमामा, काळी फियाट भाड्यानं चालवायचे. एकदा गोव्याचं भाडं घेऊन गेले. दोन दिवसांनी घाटाच्या दरीत आतल्या माणसासकट जळालेली एक गाडी सापडली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मामांच्या मागं-पुढं कुणी नव्हतं, म्हणून आत्या माहेरी परत आली, दिवसही इथंच घातले, आणि दहाव्याच्या संध्याकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, आतल्या खोलीतून ओरडली, "गाडी आली! त्यांची गाडी आली! हॉर्न वाजला!"

कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. आप्पांनी सगळ्यांना सांगितलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. देवरुषी आणला, अंगारे झाले, नंतर डॉक्टर. तिनं आपलं म्हणणं सोडलं नाही. रोज दिवेलागणीला ती मागचं दार उघडून थोडा वेळ उभी राहायची आणि गावची पोरं भिंतीपलीकडून तोंडानं हॉर्न वाजवायची. मी लहान असताना मीही एकदा वाजवला होता. आता बाबा थकले होते, आईचे गुडघे गेले होते, आणि अशा बायकांना सांभाळणारी एक संस्था त्यांनी शोधली होती. त्या रविवारी आत्याला तिथं सोडायचं ठरलं होतं. आत्याला माहीत होतं. ती बाबांना एवढंच म्हणाली होती, "मला वेडी म्हणून तिथं ठेवाल. पण मी वेडी न्हाई रे, संपत. मी ऐकलं हुतं."

तीच आत्या आता मी मांडलेल्या गाडीकडे बघत होती. घाबरली नाही. जाळीला वळसा घालून ती डाव्या बाजूला आली, वाकली, हवेत काहीतरी धरून ओढलं, पदर सावरला, बीडिंगवर पाय पडणार नाही असा ओलांडून टाकला आणि आत बसली. मातीत. पाय जवळ घेऊन, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून.

"दार लाव गं," ती मला म्हणाली.

आता तुम्ही हसाल. मी लावलं. दाराचं हँडल जमिनीवर होतं, ते मी दोन बोटं आत सरकवलं. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही.

"आत्या, ही नुसती फियाट आहे गं," मी म्हणाले. माझा ढाल मिळवणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "अशा हजारो होत्या."

"हजारो हुत्या." तिनं डावा हात काल्पनिक काचेतून बाहेर सोडला आणि न बघता बीडिंगवर फिरवला. ग्रीसनं माखलेल्या पट्टीवर तिची बोटं चालली, थांबली. "हितं पूस."

मी पुसलं. चांदीसारख्या पट्टीत मधेच वीतभर पिवळा तुकडा होता. पितळ.

"वरातीच्या दिवशी वेशीच्या दगडाला घासली," आत्या म्हणाली. "माझ्याच दाराखाली. नवी पट्टी मिळंना, तर आप्पांनी आईच्या परातीची कड कापून जोडली. आई दोन दिवस बोलली न्हाई त्यांच्याशी. हे लई हसायचे. म्हनायचे, छबे, तुझ्या बानं हुंड्यात परात दिली, ती पण गाडीला."

आणि ती हसली. मी तिला तशी हसताना कधी पाहिलं नव्हतं. विशीतल्या बाईसारखी. पण ही गाडी तर दरीत जळाली होती. घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. मग हिची पट्टी, जळल्याचा एकही डाग नसलेली, आमच्या परड्यात कशी?

"आप्पा!" मी ओरडले. "आप्पा, बाहेर या!"

ते आधीच दारात होते. पंच्याऐंशी वर्षांचा तो ताठ म्हातारा चौकटीला धरून उभा होता आणि गाडीकडे नाही, गाडीत बसलेल्या मुलीकडे बघत होता. तेवढ्यात पुढच्या दारानं बाबा आले. यल्लाप्पाकाका त्यांना रस्त्यातच भेटले असणार.

"काय लावलंय हे? ताई, ऊठ तिथनं! समे, तुला काही अक्कल?"

"बाबा, ही मामांची गाडी आहे," मी म्हणाले. "ही पडलीच नव्हती. बघा, एक क्लिप वाकलेली नाही. कुणीतरी सावकाश उतरवलीय. नट परत स्क्रूवर बसवलेत."

बाबांनी एक स्क्रू उचलला. बघितला. तेही आप्पांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी मान वर केली ती हळूहळू.

"आप्पा?"

आप्पा पायरीवर बसले.

"पत्रा मी तोडून भंगारात घातला," ते म्हणाले. "पत्र्याला तोंड नसतं. हे न्हाई घालवता आलं. हे कुणीबी वळखलं असतं."

"पण दरीतली गाडी?"

"पोलिसांनी बघायला मलाच नेलं हुतं. कोळसा झालेला. नंबर न्हाई, काय न्हाई. काळी फियाट. त्याच रस्त्यानं दोन दिवस आधी जावई गेलेला. मी म्हनलो, हीच. मी म्हनलो म्हटल्यावर दुसरा कोन काय म्हननार? पंचक्रोशीत गाडी मीच वळखायचो."

"ही पितळी पट्टी बघितली नव्हती?" मी विचारलं.

"त्या अंगावर गाडी दगडाला टेकलेली. उलटी करून बघायला पायजे हुती. न्हाई बघितली."

"आणि आतला माणूस?" बाबांचा आवाज फाटला. "मी अग्नी दिला, आप्पा. माझ्या हातात मडकं दिलं होतं तुम्ही. तो कोण होता?"

"माहीत न्हाई. मानूस वळखण्यासारखा नव्हताच. गाडीवरनं मानूस ठरला."

आत्या अजून आतच बसली होती, समोर बघत, जणू रस्ता दिसत होता. ती म्हणाली, "दहाव्याला आले ना?"

आप्पांनी मान फिरवली.

"मला विचारू नगंस, छबे."

"चाळीस वर्सं तुमी मला वेडी म्हनलासा. मी एकदाच विचारते. आले ना?"

"आला," आप्पा म्हणाले.



"सकाळी नदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवला न्हाई," आप्पा सांगू लागले, एका सुरात, पाठ केल्यासारखं. "दुपार टळली तरी शिवंना. शेवटी दर्भाचा केला. घरी आलो तरी माझ्या मनात तेच, जीव अडकलाय पोराचा. दिवेलागण झाली. बाया आत, मानसं पुढच्या अंगनात. मी एकटा मागच्या सोप्यात. तिथं फोटोला हार घातलेला, दिवा लावलेला. हॉर्न मी पन ऐकला. दार उघडलं, तर दारात तो. धुळीनं पांढरा झालेला, व्हटांपतोर पांढरा. माझ्याकडं बघंना. फोटोकडं बघत हुता. सोताच्या फोटोकडं."

"काय म्हणाले?" आत्यानं विचारलं.

"गोव्यात भाडं अडकलं, असं कायतरी. मला नीट ऐकू येत न्हवतं. माझ्या डोळ्यांनी मी त्याचा कोळसा बघितलेला, पोरी! माझे डोळे कधी चुकले न्हवते."

"आप्पा." आत्यानं पहिल्यांदा मान वळवली. "पानी मागितलं?"

मला वाटतं तो प्रश्न तेवढी सगळी वर्षं ते ऐकत असणार, रोज, कुणी न विचारता.

"मागितलं," ते म्हणाले. "म्हनून तर दार लावलं."

ते काय म्हणत होते हे मला लगेच कळलं नाही. बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं. दहा दिवस मेलेल्याचा जीव तहानलेला फिरतो. दिव्याशेजारी त्याच्यासाठी पाणी ठेवतात. दारात उभा राहून पाणी मागतो तो कोण, हे त्या संध्याकाळी आप्पांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"पहाटं शेडमधी गेलो तर गाडी जागेवर लावलेली. चावी आत. सीटवर हात ठेवला तेव्हा कळलं मला. भुताची गाडी नसती तशी. डबा हुता, शिळी भाकरी हुती. घाट पालथा घातला मी, छबे. घाटाखाली साखरप्यापतोर पायी गेलो. न्हाई गावला. मग गावाला काय सांगू? जित्या मानसाचं दहावं घातलं आनि दारातनं हाकललं? तुला काय सांगू?"

आत्या उठली. हँडल ओढून दार उघडलं, बाहेर आली, आणि आत न जाता परड्यातून सरळ रस्त्याकडे चालत गेली. बाबा मागं धावले. ती घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत गेली, तिथं कठड्यावर बसली, अंधार पडायच्या आधी परत आली. संस्थेचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. गाडीचे तुकडे बाबांनी शेडमध्ये ठेवले. आप्पांशी ती एक शब्दही बोलली नाही, पण त्यांचं ताट मात्र तीच वाढायची.

आप्पा त्याच वर्षी गेले. उन्हाळ्यात, झोपेत.

त्यांच्या दहाव्याला नदीच्या घाटावर कावळा पटकन शिवला आणि सगळ्यांनी सुस्कारा टाकला. संध्याकाळी पाहुणे पांगले. मागच्या सोप्यात आप्पांच्या फोटोपुढं दिवा, तांब्याभर पाणी. बाहेर तांबूस उजेड. बाबा मागचं दार लावायला उठले.

"राहू दे उघडं," आत्या म्हणाली.

"ताई, आजच्या दिवशी—"

"राहू दे."

आणि खरंच सांगते, पायरीवर पाऊल वाजलं. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज नव्हता, कुत्रं भुंकलं नव्हतं. दारात एक माणूस उभा राहिला. मागून उजेड, त्यामुळे चेहरा काळा. उंच होता. धुळीचा वास येत होता.

"पाणी मिळेल का?" तो म्हणाला.

आईनं माझा दंड धरला. बाबांचा हात दाराच्या फळीवर गेला, आपोआप, तसाच जसा कधीतरी दुसरा एक हात गेला असेल. मी, जी एका स्क्रूवरून गाडी सांगते, डोळे फाडून बघत होते. कोण? गावचा? वाटसरू? घाटात गाडी गरम झालेला ड्रायव्हर? वय काय? सावली पडलीय का?

"कोन हाय ते मागनं बघू," आत्या म्हणाली. फोटोपुढचा तांब्या तिनं उचलून माझ्या हातात दिला. "आधी पानी दे, समू."

मी उंबऱ्यापर्यंत गेले. चार पावलं असतील, पण मला आठवतात ती आजही संपत नसल्यासारखी. मी तांब्या पुढं केला आणि मान खाली घातली. त्यानं तो घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मग घटाघटा पिण्याचा आवाज आला, खूप वेळ, खूप दिवसांच्या तहानेचा.

आता मी बारावीत आहे. अजूनही खूप बोलते. पण ती बोटं गरम होती की गार, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आत्यानं ते कधी विचारलंच नाही.